मोटारीच्या इंजिनातील क्रँक सेन्सर व त्याचे वायरिंग : दोषनिदानाची शास्त्रीय पद्धती
(दोंडाईचा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यात वसलेले दोंडाईचा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील शहर धान्य व मिरचीच्या बाजारपेठेसाठी खानदेशात परिचित आहे. भोवतालच्या खेड्यांशी, तसेच नंदुरबार, शहादा, शिरपूर व धुळे या गावांशी या शहराचा दैनंदिन व्यवहार मुख्यतः रस्त्याने चालतो. बाजार, दवाखाना, लग्नकार्य आणि शेतीची कामे यांसाठी येथील मोटार रोज रस्त्यावर असते. अशी मोटार मे महिन्याच्या उन्हात, वस्तीपासून दूर, कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडते आणि अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशा रीतीने पुन्हा सुरू होते, तेव्हा तिच्या मालकाची अडचण केवळ आर्थिक राहत नाही. गाडीत रुग्ण असेल तर प्रश्न अधिकच गंभीर होतो.

या प्रकारच्या बिघाडामागे अनेकदा क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा सेन्सर अथवा त्याचे वायरिंग असते. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो, पडद्यावर क्रँक सेन्सरचा कोड दिसतो, सेन्सर बदलला जातो आणि काही दिवसांनी गाडी पुन्हा त्याच रीतीने बंद पडते. मालकाचा पैसा जातो, कारागिराचा विश्वास जातो आणि चांगला भाग भंगारात जातो. प्रस्तुत लेखात या सेन्सरचे कार्य, त्याचे प्रकार, दोषाची लक्षणे आणि परीक्षणाचा योग्य क्रम यांचे विवेचन केले आहे. सुटा भाग बदलण्यापूर्वी संपूर्ण विद्युत परिपथ तपासणे का आवश्यक आहे, हे स्पष्ट करणे हा त्यामागील हेतू आहे.

विषयाची पार्श्वभूमी

कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या मोटारींमध्ये ठिणगी केव्हा पडावी हे यांत्रिक रचनेने ठरत असे. पॉइंट, कंडेन्सर व टायमिंग या तीन गोष्टी जाणणारा कारागीर कोणतीही पेट्रोल गाडी रस्त्यावर दुरुस्त करू शके. जुन्या डिझेल गाड्यांमध्ये यांत्रिक पंप इंधन पुरवीत असल्याने त्यांना सेन्सरची गरजच नव्हती. प्रदूषणविषयक मानके कठोर होत गेली तसे हे चित्र बदलले. भारत स्टेज ४ ही मानके १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज ६ ही मानके १ एप्रिल २०२० पासून संपूर्ण देशात लागू झाली. आता पेट्रोल इंजिनातील ठिणगी व इंधन आणि कॉमन रेल डिझेल इंजिनातील इंधनाची फवारणी या गोष्टी इंजिनाचा संगणक, म्हणजेच ईसीएम, ठरवतो. या संगणकाला क्रँकशाफ्ट या क्षणी कोठे आहे हे कळले नाही तर तो ठिणगीही देत नाही आणि इंधनही सोडत नाही. म्हणूनच हा छोटा सेन्सर निकामी झाला की सुस्थितीतील इंजिनही थांबते.

सेन्सरचे कार्य

क्रँकशाफ्टच्या पुलीवर किंवा फ्लायव्हीलच्या बाजूस एक दातेरी चक्र बसवलेले असते. अनेक इंजिनांत या चक्रावर ६० दात्यांची जागा असते. त्यांपैकी दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात, म्हणजे प्रत्यक्षात ५८ दाते राहतात. एका दात्याचे अंतर ६ अंश होते. दाते सेन्सरसमोरून जाताना जितके स्पंद निर्माण होतात त्यांवरून संगणक वेग मोजतो आणि गाळलेल्या दात्यांच्या रिकाम्या जागेवरून फेऱ्याचा आरंभबिंदू ओळखतो. काही इंजिनांत ३६ पैकी एक दाता गाळलेला असतो. तेथे प्रत्येक दात्याचे अंतर १० अंश असते.

या कार्याची गती ध्यानात घेणे निदानाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे होतात आणि ५८ दात्यांच्या चक्रामुळे सेकंदाला २,९०० स्पंद मिळतात. एक संपूर्ण फेरा केवळ २० मिलिसेकंदांत पूर्ण होतो. याचाच अर्थ, एखादी सैल वायर २० मिलिसेकंद जरी तुटली तरी एका पूर्ण फेऱ्याची माहिती नाहीशी होते. साध्या मल्टिमीटरवरील आकडा सेकंदाला दोन-तीन वेळाच बदलतो. त्यामुळे मल्टिमीटर ‘सर्व ठीक’ दाखवत असतानाही इंजिन बंद पडू शकते.

सेन्सरचे प्रकार

क्रँक सेन्सर प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात आणि दोहोंची परीक्षा वेगळी आहे.

(१) चुंबकीय प्रेरणेचा सेन्सर : मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये मांडलेल्या विद्युतचुंबकीय प्रेरणेच्या तत्त्वावर हा चालतो. यात कायमचुंबकाभोवती तारेचे वेटोळे असते. समोरून दाता गेला की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात प्रत्यावर्ती विद्युतदाब निर्माण होतो. याला बाहेरून वीजपुरवठा लागत नाही. सामान्यतः दोन वायरी असतात. काही वेळा तिसरी वायर बाह्य विद्युत गोंधळापासून संरक्षण देणाऱ्या जाळीची असते. इंजिनाचा वेग वाढला की दाब वाढतो. सेन्सर व दाते यांमधील अंतर वाढले की दाब घटतो.

(२) हॉल सेन्सर : एडविन हॉल याने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर हा आधारित आहे. यात इलेक्ट्रॉनिक मंडल असल्याने वीजपुरवठा आवश्यक असतो. पुरवठा, अर्थ आणि संकेत अशा तीन वायरी असतात. पुरवठा रचनेनुसार ५ किंवा १२ व्होल्टचा असतो. संकेत चौकोनी लहरीच्या रूपात, म्हणजे ‘आहे’ अथवा ‘नाही’ अशा दोनच पातळ्यांवर मिळतो आणि वेग कमी असला तरी त्याची उंची तीच राहते.

केवळ वायरींच्या संख्येवरून प्रकार ठरवू नये. जाळी असलेल्या चुंबकीय सेन्सरलाही तीन वायरी असू शकतात. त्या गाडीच्या निर्मात्याची माहितीपुस्तिका किंवा वायरिंगचा आराखडा पाहूनच परीक्षणास आरंभ करणे योग्य ठरते. चुंबकीय सेन्सरचा रोध ओहममध्ये मोजता येतो. हॉल सेन्सरचा रोध मोजण्याला मात्र काही अर्थ नाही, उलट त्यातील मंडलास इजा होण्याचा संभव असतो.

दोषाची लक्षणे

सेल्फ मारल्यावर इंजिन फिरते पण सुरू होत नाही; धावती गाडी एकाएकी बंद पडते; इंजिन तापल्यावर थांबते आणि निवल्यावर सुरू होते; गाडी चालू असतानाच इंजिनाच्या वेगमापकाचा काटा क्षणभर शून्यावर येतो; इंजिन झटके देते, ही या दोषाची प्रमुख लक्षणे होत. काही इंजिने क्रँकचा संकेत नसल्यास कॅमशाफ्टच्या सेन्सरवरून काम भागवतात. अशा गाडीत सेल्फ बराच वेळ मारावा लागतो.

ही लक्षणे अन्य कारणांनीही उद्भवतात. इंधनपंप, त्याचा रिले, इग्निशनचा स्विच किंवा चोरीप्रतिबंधक यंत्रणा यांतील दोषही याच रूपात समोर येतो. त्यामुळे लक्षणावरून थेट निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

कोडचा खरा अर्थ

भारत स्टेज ४ च्या चारचाकी वाहनांना २०१३ पासून ओबीडी-२ ही स्वयंनिदान यंत्रणा आवश्यक करण्यात आली. या यंत्रणेतील क्रँक सेन्सरविषयीचे कोड पी-०३३५ ते पी-०३३९ असे आहेत. पी-०३३५ म्हणजे सेन्सरच्या परिपथात दोष, पी-०३३६ म्हणजे संकेत अपेक्षित मर्यादेत नाही, पी-०३३७ व पी-०३३८ म्हणजे संकेत अनुक्रमे फार कमी व फार जास्त, आणि पी-०३३९ म्हणजे संकेत मधूनमधून तुटतो. क्रँक व कॅम यांचा मेळ बसत नसेल तर पी-००१६ हा कोड येतो. त्यामागे टायमिंग चेन किंवा बेल्ट सरकल्याचे कारण असू शकते.

पी-०३३५ या कोडच्या व्याख्येतच ‘परिपथ’ हा शब्द आहे. सेन्सर, कपलर, वायरी, अर्थिंग, दातेरी चक्र आणि संगणकाचे आवक टोक या सर्वांचा मिळून हा परिपथ बनतो. संगणकाला फक्त एवढेच कळते की अपेक्षित संकेत आला नाही. तो कोठे अडला हे त्याला ठाऊक नसते. कोड हा निदानाचा आरंभ होय, शेवट नव्हे.

परीक्षणाचा क्रम

(अ) विचारपूस व निरीक्षण : गाडी केव्हा, किती वेळ चालल्यावर, कोणत्या रस्त्यावर बंद पडते याची चौकशी प्रथम करावी. अलीकडे क्लच, गिअरबॉक्स अथवा टायमिंग बेल्टचे काम झाले आहे काय, हेही विचारावे. अनेक गाड्यांत हा सेन्सर फ्लायव्हीलजवळ असतो. गिअरबॉक्स उतरवताना वायर दबणे किंवा दात्यांना मार लागणे शक्य असते. त्यानंतर कपलर उघडून हिरवा गंज, तेल, पाणी, वाकलेली पिन पाहावी आणि वायर सायलेन्सरजवळून जाते काय किंवा कोठे घासते काय याची तपासणी करावी.

(आ) स्कॅनरवरील चालू माहिती : सेल्फ मारत असताना स्कॅनरवर इंजिनाचा वेग पाहावा. वेग शून्यच राहत असेल तर तपास क्रँक सेन्सरच्या परिपथाकडे न्यावा. स्थिर व विश्वसनीय वेग दिसत असूनही इंजिन सुरू होत नसेल तर इंधन, ठिणगी व चोरीप्रतिबंधक यंत्रणा यांकडे वळावे. या एका परीक्षेने निम्मे गैरसमज दूर होतात.

(इ) चुंबकीय सेन्सरची परीक्षा : कपलर काढून सेन्सरच्या दोन पिनांमधील रोध मोजावा. तो निर्मात्याने दिलेल्या मर्यादेत असावा. बहुतेक रचनांत तो काही शे ओहमपासून हजार-दीड हजार ओहमपर्यंत असतो. प्रत्येक पिन व इंजिनाचा धातू यांमध्ये जोड आढळता कामा नये. नंतर मल्टिमीटर प्रत्यावर्ती दाबावर ठेवून सेल्फ मारावा. दाब निर्माण झाला पाहिजे. येथे तापमानाचा विचार आवश्यक आहे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांवर ९०० ओहम दाखवणारे वेटोळे १०० अंशांवर सुमारे १,१८० ओहम दाखवील. ही वाढ नैसर्गिक आहे, दोष नाही. मात्र तापल्यावर रोध एकाएकी अनंत झाला तर वेटोळे आतून तुटले असे समजावे. म्हणून थंड व तप्त अशा दोन्ही अवस्थांत मोजमाप करणे उचित ठरते.

(ई) हॉल सेन्सरची परीक्षा : चावी चालू ठेवून कपलरमध्ये पुरवठ्याची वायर व अर्थ यांमधील दाब पाहावा. ५ व्होल्टचा पुरवठा मिळत नसेल तर सेन्सर बदलून उपयोग नाही. अनेक गाड्यांत तोच ५ व्होल्टचा पुरवठा अन्य सेन्सरनाही जातो. त्यांपैकी एखादा आतून जोडला गेला तर सर्वांचा पुरवठा खाली येतो. अशा वेळी ते सेन्सर एकेक करून सोडवावेत आणि दाब केव्हा पूर्ववत होतो ते पाहावे. पुढे संकेताच्या वायरीची परीक्षा करावी. बऱ्याच रचनांत संगणक या वायरीवर स्वतः ५ व्होल्ट ठेवतो आणि सेन्सर ते मधूनमधून शून्यावर ओढतो. अशा गाडीत वायरीवर सतत शून्य दिसत असेल तर सेन्सर सोडवून पाहावा. दाब ५ व्होल्टवर गेला तर सेन्सर त्यास खाली ओढून ठेवत होता. दाब शून्यच राहिला तर वायर तुटलेली आहे, अर्थला लागलेली आहे किंवा दोष संगणकात आहे.

(उ) वायरिंगची परीक्षा : बॅटरीची ऋण वायर काढून सेन्सर व संगणक या दोन्ही बाजूंचे कपलर सोडवावेत. प्रत्येक वायरीचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा रोध जवळजवळ शून्य असावा. वायर व गाडीचा सांगाडा यांमध्ये, तसेच दोन वायरींमध्ये जोड नसावा. तथापि ओहम मोजताना मल्टिमीटर अत्यल्प प्रवाह सोडतो. त्यामुळे एखाददुसऱ्या तंतूवर टिकलेली वायरही त्यास निर्दोष वाटते. म्हणून यंत्रणा चालू ठेवून सेन्सरची अर्थ पिन व बॅटरीचे ऋण टोक यांमधील दाब मोजावा. तो ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असणे इष्ट होय. त्याच वेळी वायरीचा जुडगा ठिकठिकाणी हलवावा, वाकवावा. आकडा उडी घेतो किंवा इंजिन अडखळते ती जागा दोषाची असते.

(ऊ) दातेरी चक्र व अंतर : सेन्सरच्या चुंबकीय टोकास लोखंडाचा कीस चिकटला आहे काय, दाते वाकले किंवा तुटले आहेत काय, सेन्सरचा बोल्ट घट्ट आहे काय हे पाहावे. सेन्सर व दाते यांमधील अंतर बहुधा अर्धा ते दीड मिलिमीटर असते. ऑसिलोस्कोप उपलब्ध असल्यास लहरीच्या आकृतीत हे दोष प्रत्यक्ष दिसतात. दर फेऱ्यात त्याच जागी लहर बिघडत असेल तर दोष चक्राचा. अनियमितपणे तुटत असेल तर बहुधा वायरिंगचा.

परीक्षण करताना वायरीचे आवरण सुईने टोचू नये. त्या छिद्रातून ओल शिरते आणि पुढे गंज धरतो. संगणकाकडे जाणाऱ्या वायरींवर बल्बचा टेस्टर वापरू नये.

परिसरातील विशेष कारणे

खानदेशात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. उभ्या गाडीच्या बंद बॉनेटखालील उष्णता याहून कितीतरी अधिक असते. वायरीचे आवरण कडक होऊन तडकते आणि कपलरचे प्लॅस्टिक ठिसूळ होते. धान्याच्या गोदामाजवळ किंवा खळ्यावर उभ्या असलेल्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात. गाडी धुताना इंजिनावर पाण्याचा जोरदार मारा केल्यास कपलरमध्ये पाणी शिरते.

आणखी एका कारणाकडे सहसा दुर्लक्ष होते. पेट्रोल गाडीस मागाहून गॅस किट बसवताना काही वेळा टायमिंग पुढे घेणारे उपकरण जोडले जाते. त्यासाठी क्रँक सेन्सरच्या संकेताची वायर तोडून मध्ये जोड दिला जातो. हा जोड नुसता पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असेल तर उन्हाने टेपचा चिकटपणा जातो आणि जोड सैल होतो. अशा गाडीत या जोडाची तपासणी सर्वप्रथम करावी.

एक उदाहरण

उदाहरणादाखल पुढील परिस्थिती कल्पिता येईल. गॅस किट असलेली एक पेट्रोल गाडी दोंडाईचाहून सारंगखेड्यामार्गे शहाद्याकडे जाताना दुपारी बंद पडते आणि तासाभराने सुरू होते. कोड पी-०३३५ येतो. सेन्सर बदलल्यावर गाडी तीन दिवस चांगली चालते आणि चौथ्या दिवशी पुन्हा थांबते. साहजिकच नवा सेन्सर बनावट असल्याची शंका घेतली जाते. प्रत्यक्षात सेन्सर बदलताना कपलर काढून पुन्हा लावला गेला, पिना घासल्या गेल्या, वायरीचा जुडगा हलला. त्यामुळे दुसरीकडचा सैल जोड काही काळ नीट बसला. तीन दिवसांचे यश हे नव्या सेन्सरचे नसून त्या हालचालीचे होते. या गाडीत पुरवठा व अर्थ योग्य मिळतात, परंतु इंजिन चालू ठेवून किटजवळचा जोड हलवताच ते बंद पडते. दोष तेथेच सिद्ध होतो. जुना सेन्सर चांगलाच होता, हेही त्यातून स्पष्ट होते.

दुरुस्ती व पडताळणी

सदोष वायरीचा तुकडा काढून तेवढ्याच जाडीची वायर घालावी, जोड डाख देऊन पक्का करावा आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. चुंबकीय सेन्सरच्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. हा पीळ व बाहेरील जाळी कायम ठेवावी. जाळी मूळ रचनेप्रमाणे एकाच टोकास अर्थ करावी. दोन वायरींची अदलाबदल झाल्यास लहरीची दिशा उलटते आणि संगणकाचा कोनाचा हिशेब चुकू शकतो. वायर सायलेन्सर व पट्ट्यापासून दूर नेऊन बांधावी. काही गाड्यांत सेन्सर बदलल्यावर स्कॅनरद्वारे संगणकास नव्याने शिकवण्याची प्रक्रिया करावी लागते.

यानंतर कोड पुसून, ज्या परिस्थितीत गाडी बंद पडत होती त्याच परिस्थितीत ती चालवून पाहावी. तप्त अवस्थेतील दोषाची पडताळणी सकाळच्या थंड वेळी गल्लीत फेरी मारून होत नाही.

समारोप

क्रँक सेन्सरचा दोष वरकरणी एका स्वस्त वा महाग सुट्या भागाचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो तर्कशुद्ध तपासाचा प्रश्न आहे. मल्टिमीटर, वायरिंगचा आराखडा आणि ठरावीक क्रम एवढ्या साधनांवर लहान शहरातील गॅरेजमध्येही बहुतेक दोष शोधता येतात. पुरवठा, अर्थ, संकेत, वायर आणि दातेरी चक्र या पाच गोष्टी सिद्ध झाल्यावरच सेन्सर बदलण्याचा निर्णय घ्यावा. औद्योगिक प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना भाग बदलण्याच्या कौशल्याबरोबर ही तपासाची शिस्तही शिकवली गेली, तर पॉइंट व कंडेन्सरच्या काळात खानदेशातील कारागिरांनी मिळवलेला विश्वास संगणकाच्या काळातही टिकून राहील. रस्त्यात अडकणाऱ्या वाहनधारकासही त्याचा प्रत्यक्ष लाभ होईल.